भीमेचे पासबुक



आपल्या या पत्रकात शाळा, पाट्या, नोकऱ्या आणि सीमाप्रश्न यांवर वेळोवेळी लिहिले जाते, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. पाण्यावर मात्र आपण फारसे बोलत नाही. बोललो तरी चावडीवर बोलतो, आणि तेही उन्हाळ्यात टँकर आला की. मी काही पाणीतज्ज्ञ नाही. बी.कॉम. झालेला, बँकेत खिडकीवर बसणारा कारकून आहे. पण जमाखर्च मला कळतो, आणि भीमेच्या पाण्याचे भांडण मुळात जमाखर्चाचे आहे असे माझे मत झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२४ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. भीमाकाठचे, अफजलपूर तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी पीककर्जाच्या चौकशीला माझ्या खिडकीशी आले. कन्नड भाषिक, पण मराठी चांगले बोलणारे. म्हणाले, "साहेब, यंदा हप्ता जमायचा नाही. तुमच्या महाराष्ट्रानं उजनीचं पाणी अडवलंय की."

मी म्हणालो, "अण्णा, माझा महाराष्ट्र कुठला? माझं रेशनकार्ड याच जिल्ह्याचं. नळाला पाणी नाही ते माझ्याही घरी नाही."

अण्णा हसले. म्हणाले, "ते खरं हो. पण भाषा तर त्यांचीच ना?"

दोन महिन्यांनी उमरग्याकडे एका लग्नाला गेलो. माझ्या बहिणीचे सासर माढा तालुक्यात, उजनीच्या कालव्यावर. पंगतीत दाजी शेजारी बसले होते. भात वाढून होतो न होतो तोच म्हणाले, "काय पाव्हणं, तुमच्या कर्नाटकाला कितीही पाणी सोडलं तरी कमीच! इथं आमचा ऊस वाळून चाललाय, अन् तुमच्याकडनं नुसती मागणी."

म्हणजे पाहा. खिडकीत मी महाराष्ट्राचा आणि पंगतीत कर्नाटकाचा. सीमाभागातल्या जुन्या मराठी घरांना हा अनुभव नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला एकाच हैदराबाद राज्यातला उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात. तेव्हापासून आपली सोयरीक एका बाजूला आणि सातबारा दुसऱ्या बाजूला, हे चालूच आहे. पण त्या दिवशी मला वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. अण्णांनाही हिशेब माहीत नव्हता, दाजींनाही नव्हता आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हता. तिघेही ऐकीव आकड्यांवर भांडत होतो. घरी आल्यावर मी जमेल तेवढे वाचून काढले. ते सोप्या भाषेत मांडतो.

आधी टीएमसी म्हणजे काय ते पाहू. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३० कोटी लिटर. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठा आणि उरलेला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. 'उजनी वजा वीस टक्क्यांवर' अशा बातम्या आपण वाचतो, त्याचा अर्थ उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. आमच्या भाषेत ओव्हरड्राफ्ट. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी भरलेच नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते जवळजवळ वजा साठ टक्क्यांपर्यंत खाली गेले. दाजींचा ऊस वाळत होता हे काही खोटे नव्हते.

आता अण्णांची बाजू. आपल्याकडे अफजलपूरपासून कलबुर्गीपर्यंत कोणालाही विचारा, तो सांगेल की बच्छावत लवादाने भीमेचे १५ टीएमसी पाणी कर्नाटकाला दिले आहे आणि महाराष्ट्र ते सोडत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये अफजलपुरात याच पाण्यासाठी आंदोलन झाले. हा १५ चा आकडा हवेतला नाही. कृष्णा पाणीतंटा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. न्यायमूर्ती बच्छावत त्याचे अध्यक्ष. १९७३ मध्ये त्यांनी निर्णय दिला आणि १९७६ मध्ये तो अंतिम झाला. त्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी मिळाले. शिवाय काही नद्यांसाठी वेगळी बंधने घातली गेली. भीमेच्या मुख्य प्रवाहातून महाराष्ट्राने वर्षाला ९५ टीएमसीपेक्षा जास्त वापरू नये आणि कर्नाटकाने १५ टीएमसीपेक्षा जास्त वापरू नये.

वाचकहो, इथे जरा थांबा. "पेक्षा जास्त वापरू नये" असे ते वाक्य आहे. ही मर्यादा आहे, हमी नव्हे. एखाद्या दुकानदाराला बँकेने पंधरा लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर केली, म्हणून त्याच्या खात्यात पंधरा लाख शिल्लक पडत नाहीत. उन्हाळ्यात उजनीने खाली किती सोडावे, कोणत्या महिन्यात सोडावे, ते सरहद्दीवर कोणी मोजावे, हे त्या बंधनात नाही. वर्षाचा आकडा आहे, महिन्याचा नाही. ऑगस्टात पूर येऊन शंभर टीएमसी वाहून गेले तरी कागदावर भीमा वाहिलीच. पण पीक आणि माणूस ऑगस्टच्या पाण्यावर एप्रिलमध्ये जगत नाही.

दाजींचा मुद्दाही असाच अर्धा आहे. ते म्हणतात, पाणी महाराष्ट्राच्या वाट्याचे आहे. आहेच. पण त्यांच्याही नावापुढे ९५ टीएमसीची मर्यादा आहे. वरच्या धरणात, कालव्यात, उपसा योजनेत किती वापरले गेले याचा रोजचा उतारा खालच्या माणसाला गावात बसून समजेल असा मिळाला, तरच त्याचा विश्वास बसेल. पासबुक न दाखवता "शिल्लक नाही" एवढेच सांगणाऱ्या बँकेवर तुमचा विश्वास बसेल का?

हा तंटा मराठी आणि कानडी असा आहे, असे आपल्याला सांगितले जाते. मला ते पटत नाही. २०२१ मध्ये उजनीचे ५ टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला देण्याचा आदेश निघाला, तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला. महिनाभरात तो आदेश मागे घ्यावा लागला. इंदापूरचा शेतकरी मराठी, माढ्याचाही मराठी. मंगळवेढ्याच्या दुष्काळी गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली, ती स्वतःच्याच राज्याच्या सरकारविरुद्ध. आपल्या कर्नाटकातही बारमाही नळाचे शहर आणि कालव्याच्या शेपटीचे गाव यांची भाषा एकच असते, पाणी मात्र एक नसते. भांडण आहे ते वरच्याचे आणि खालच्याचे.

आणि वरचा-खालचा हे नातेही कायमचे नाही. कावेरीवर कर्नाटक वरचे राज्य आहे. तिथे ते म्हणते, पाऊसच नाही तर तमिळनाडूला पाणी कुठून देऊ? २०२३ च्या सप्टेंबरात त्यावरून आधी बेंगळुरू बंद झाले आणि मग सारे राज्य. भीमेवर कर्नाटक खालचे राज्य आहे, आणि तिथे ते तमिळनाडूची भाषा बोलते. महाराष्ट्राचेही तेच. भीमेच्या उन्हाळी पाण्यात तो वरचा म्हणून हात आखडता घेतो, आणि २००५ आणि २०१९ मध्ये सांगलीला पुराचे पाणी चढले तेव्हा आलमट्टीकडे बोट दाखवून "खालच्यांनी पाणी अडवले" म्हणतो. नदी बदलली की दोन्ही सरकारे एकमेकांची भाषणे वाचून दाखवतात. मग आपण सीमेवरच्यांनी कोणाच्या भाषणाला टाळ्या वाजवायच्या?

कावेरीकडून एक शिकण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ ला निकाल दिला की कर्नाटकाने बिळिगुंड्लू या सरहद्दीवरच्या मोजणी ठिकाणी वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी द्यायचे. ते महिन्यामहिन्याच्या वेळापत्रकाने. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने कावेरी पाणी व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. भांडण मिटले का? नाही. पण भांडायला एक टेबल मिळाले आणि टेबलावर एक तक्ता आला. भीमेवर असा तक्ता नाही. न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० च्या निवाड्यात अंमलबजावणीसाठी मंडळ नेमायला सांगितले होते. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकले आणि पंधरा वर्षे लोटली तरी निवाडा राजपत्रात आला नाही.

तक्ता नसला की काय उरते? पत्रे आणि उपकार. २०२३ च्या मे अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कृष्णेसाठी वारणा-कोयनेतून २ आणि भीमेसाठी उजनीतून ३ टीएमसी पाणी मागितले. कधी थोडे सोडले जाते, कधी नाही. सोडले तर इथले पुढारी फटाके वाजवतात, न सोडले तर तिथले. शेतकऱ्याने मात्र पेरणी आधीच करून टाकलेली असते. जतचे उदाहरण तर अजून ताजे आहे. तिथल्या गावांनी २०१२ मध्ये पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, असा ठराव केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात तो ठराव पुन्हा उकरून निघाला, सीमेवर दगडफेक झाली, आणि डिसेंबरात कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या तिकोंडी तलावात येऊन पडले. लगेच महाराष्ट्रानेही म्हैसाळच्या विस्तारित योजनेसाठी सुमारे २,००० कोटी रुपयांची हालचाल केली. दहा वर्षे जे झाले नाही ते दहा-पंधरा दिवसांत हलले. म्हणजे पाणी होते आणि पैसाही होता. नव्हती ती गरज वाटणारी माणसे. पण असे मिळालेले पाणी हक्काचे नसते. ज्या हाताने चावी सोडली तोच हात ती बंद करू शकतो.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. भीमेच्या सरहद्दीवरच्या पट्ट्याला आजवर जे उन्हाळी पाणी मिळत आले, त्यातले बरेचसे सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून नदीत सोडलेले पाणी आहे. ते टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत यावे म्हणून कित्येक पट सोडावे लागते, आणि वाटेत दोन्ही काठांच्या मोटारी ते उचलतात. आता उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी टाकली गेली आहे. शहराचे पाणी नळातून जायला लागले की नदीत सोडण्याचे कारणच कमी होते. सोलापूरकरांसाठी ते चांगलेच आहे, त्यांनी चार-पाच दिवसांआड पाणी किती वर्षे भरायचे? पण दोन्ही काठांवरच्या गावांनी आपले पाणी लेखी मागून घेतले नाही, तर उद्या कोरड्या वाळूत उभे राहून ओरडावे लागेल. त्यात मराठी काठ आणि कानडी काठ असा फरक असणार नाही.

कोणी म्हणेल, खजुरी काही भीमेवर नाही, आपल्याला काय त्याचे? आहे. आपल्या तालुक्याची अमरजा गाणगापूरला संगमावर भीमेला मिळते. अमरजा धरण पावसावर भरत नाही म्हणून भीमेचे पाणी उचलून त्यात टाकायची योजना आखली गेली. कलबुर्गी शहर भीमेचे पाणी पिते, आणि आपली मुले तिथेच शिकायला आहेत. भीमा आटली की आळंद तालुका मोकळा राहत नाही.

पुराचेही तसेच आहे. २०२० च्या ऑक्टोबरात उजनी आणि वीर धरणांतून विसर्ग वाढला आणि अफजलपूर तालुक्यातली भीमाकाठची गावे पाण्यात गेली. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने माढा, मोहोळकडे हाहाकार केला आणि तेच पाणी पुढे आपल्या जिल्ह्यात आले. त्या रात्री बहिणीचा फोन आला. दाजी मागून ओरडून सांगत होते, "पाव्हणं, पाणी सुटलंय, तुमच्या नदीकाठच्या लोकांना कळवा!" मी अण्णांच्या गावी फोन लावला. सरकारी निरोप यायच्या आत एका मराठी घराकडून दुसऱ्या मराठी घराकडे, आणि तिथून कानडी घराकडे निरोप गेला. उन्हाळ्यात एकमेकांना पाणीचोर म्हणणारी माणसे त्या रात्री एकमेकांची जागल करत होती. दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांनी १९ जून २०२१ ला बेंगळुरूत बसून पुराच्या माहितीची वेळेवर देवाणघेवाण करायचे ठरवले होते. पुरासाठी बसता येते, तर दुष्काळासाठी का बसता येत नाही?

माझी सूचना अशी आहे. आपल्या मंडळाने पाण्याच्या प्रश्नावर ठराव करावा, आणि तो मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावा. त्यात तीनच मागण्या असाव्यात. पहिली, फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी भीमेत किती पाणी कधी सोडणार, याचे वेळापत्रक दोन्ही राज्यांनी पाऊस संपताच, धरणातला साठा पाहून ठरवावे. साठा कमी असेल तर दोघांचेही कमी, जास्त असेल तर दोघांचेही जास्त. दुसरी, सोडलेले, उचललेले आणि सरहद्दीवर पोहोचलेले पाणी रोज मोजून दोन्ही भाषांत जाहीर करावे. तिसरी, पुराचा इशारा जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत न थांबता थेट काठच्या ग्रामपंचायतीत यावा. हा ठराव घेऊन जाताना अफजलपूरच्या कन्नड शेतकऱ्यांना आणि अक्कलकोटच्या मराठी शेतकऱ्यांना बरोबर घ्यावे. आधी कलबुर्गीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे आणि मग सोलापूरच्या.

यावर काय बोलले जाईल ते मला ठाऊक आहे. "म्हणजे आपण महाराष्ट्राकडे कर्नाटकासाठी पाणी मागायचे? मग आपल्या सीमालढ्याचे काय?" मी वडीलधाऱ्यांचा आदर राखून सांगतो, सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागायचा तेव्हा लागेल. निकाल कसाही लागला, तरी भीमा उजनीहून खालीच वाहणार आणि अमरजा गाणगापूरलाच मिळणार. उद्या आपले गाव महाराष्ट्रात गेले, तरी आपण खालचेच राहणार, आणि इंदापूर-माढ्याचे भांडण आपल्या वाट्याला येणार. आपली भाषा आपण कोणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. पण भाषेखातर तहानेची बाजू सोडली, तर ज्या गावात पिढ्यान् पिढ्या राहिलो तिथे आपण पाहुणे ठरू. दोन्ही काठांशी बोलता येईल अशी माणसे या भागात आपणच आहोत. ती ताकद आहे, कमीपणा नव्हे.

शेवटी घरचा जमाखर्च. वरच्यांच्या उसावर बोट ठेवताना आपल्याही तालुक्यात भुसनूरला साखर कारखाना आहे, हे विसरून चालणार नाही. आपली तूर पावसावर येते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बोअर लागला की आपण आधी उसाचीच कांडी लावतो. मीही लावली होती. वडिलांनी खणलेली विहीर चाळीस वर्षे पुरली. मी पाडलेल्या दोन बोअरपैकी एक कोरडा गेला, दुसरा चौथ्या वर्षी आटला, आणि त्याच्या कर्जाचे हप्ते मी अजून माझ्याच खिडकीत भरतो. वरच्याकडे उतारा मागायचा तर आपलाही उतारा दाखवायची तयारी हवी.

अण्णा या वर्षी पुन्हा खिडकीशी आले होते, कर्ज नवे-जुने करायला. मी त्यांना १५ टीएमसीचा खरा अर्थ कागदावर लिहून समजावला. बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे खात्यात काहीच नाही म्हणा की साहेब. नुसतं खातं तेवढं आहे." मी म्हणालो, "होय अण्णा. पण ते खातं तुमचं एकट्याचं नाही, माझंही आहे. मिळून सही करू या."

येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना नम्र विनंती. ठरावाचा कन्नड मजकूर लिहायला अण्णांचा मुलगा तयार आहे. मराठी मी लिहितो.